नोकरी का सोडली, हे विचारून देणारी सेवा : गारमेंटवाल्यांनी घ्यावी का?

सोडून गेलेल्या कामगारांना फोन लावायचा, नोकरी का सोडली ते विचारायचं आणि दर तीन महिन्यांनी मालकाच्या टेबलावर रंगीत रिपोर्ट ठेवायचा, अशी ही सेवा. आमच्या युनिटने एका एजन्सीशी तसा करार केला. नाव लिहीत नाही, कारण करार अजून चालू आहे आणि मलाही नोकरी करायची आहे. पण ओळखीच्या युनिटांतले लोक व्हॉट्सॲपवर "कशी आहे हो, घेऊ का?" म्हणून विचारत असतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं युनिट मुंबईत, मरोळ एमआयडीसीत. दोन मजले, खाली कटिंग आणि फिनिशिंग, वर शिलाई. शर्ट आणि लेडीज टॉप, बराचसा माल एक्स्पोर्टचा. ऑर्डर कमी असली की इथल्या ब्रँडचं जॉबवर्क. मी टाइम ऑफिसला बसते. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय, गेटपास, शिवाय कुणाची सासू आजारी आणि कुणाच्या गावाला पूर आलाय, हे सगळं माझ्या खिडकीवर येतं. सासूबाई लालबागच्या. १९८२ च्या गिरणी संपात घरातला पगार थांबला तेव्हा त्यांनी घरी काज-बटणाचं काम आणून दिवस काढले. शिलाईच्या कामाला माणूस का लागतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. का सोडतो, ते बघायला मला एजन्सीची गरज नव्हती, पण मालकांना होती.

मालकांचंही चुकीचं नाही. गारमेंटमध्ये एक टेलर गेला म्हणजे नुसतं एक मशीन बंद पडत नाही. लाइनमध्ये शर्ट हातोहात पुढे सरकतो. कॉलरवाला आला नाही की पुढचा कफवाला, साइडवाला, खालची पट्टी मारणारा, सगळे हात चोळत बसतात आणि मागे बंडलांचा ढीग चढतो. फ्लोटर, म्हणजे कुठल्याही खुर्चीवर चालणारा राखीव टेलर बसवायचा, तोही नसला तर सुपरवायझरने स्वतः मशीनवर बसायचं. नवा माणूस घेताना ट्रायलला एक कॉलर शिवून घेतो, हात बरा असला तर ठेवतो. पण लाइनच्या वेगाला यायला त्याला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात दुसरी खुर्ची रिकामी होते. शिपमेंट लेट झालं की बायर डिस्काउंट मागतो, नाहीतर मालकाला पदरमोड करून माल विमानाने पाठवावा लागतो. आमचा एक माल असा विमानाने गेला, आणि पुढच्याच आठवड्यात एजन्सीचा माणूस टाय लावून केबिनमध्ये बसलेला दिसला.

पैसे असे: सुरुवातीला एकरकमी सेटअप फी, मग मुलाखत पूर्ण झालेल्या प्रत्येक माणसामागे साडेतीनशे रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आपण यादी द्यायची. नाव, मोबाइल, काय काम, कधी लागला, कधी गेला. त्यांच्याकडे बावीस प्रश्नांचा फॉर्म असतो. भाषा हिंदी, मराठी आणि मागितली तर बंगाली. ही गोष्ट त्यांनी खरंच पाळली. आमच्याकडे मशीनवर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे कारीगर जास्त, आणि चेकिंग, धागा कटिंग, पॅकिंगला आपल्या बायका. मालदाच्या पोरांशी बंगालीत बोलणारा माणूस त्यांनी आणला, त्याबद्दल शाबासकी.

पण फोन लावायची वेळ दहा ते सहा! शिलाईच्या मजल्यावर मोबाइल चालत नाही, सकाळी लॉकरमध्ये टाकायचा तो लंचला बघायचा. आमच्याकडून गेलेला टेलर दुसऱ्या युनिटात मशीनवर बसलाय आणि तिथेही हाच नियम आहे. म्हणजे ज्याला विचारायचं त्याचा फोन नेमका त्याच वेळेत लॉकरमध्ये वाजतोय. दिवसा अकरा वाजता फोन उचलणार कोण? ज्याला अजून दुसरं काम लागलं नाही तो, गावी गेलेला, किंवा घरी बसलेली बाई. आता अशा माणसांनी 'घरचं कारण' सांगितलं तर त्यात नवल काय? जे उडी मारून दुसरीकडे गेले, ज्यांच्याकडून खरं ऐकायला हवं होतं, ते 'नो रिस्पॉन्स'च्या रकान्यात गेले.

नंबराचीही गंमत आहे. बाईच्या फॉर्मवर नंबर नवऱ्याचा नाहीतर दिराचा. ठेकेदारामार्फत आलेल्या पोराच्या फॉर्मवर ठेकेदाराचाच. मी यादी देतानाच खुणा करून दिल्या होत्या की हे नंबर त्या माणसांचे स्वतःचे नाहीत. तरी त्यांनी लावले. ठेकेदाराला विचारलं, तुमचा माणूस का गेला? ज्याने त्या पोराला स्वतःच गल्लीपलीकडच्या युनिटात नेऊन बसवलं, तो काय सांगणार? "गाँव में माँ बीमार है." रिपोर्टमध्ये हे 'कौटुंबिक' या सदरात मोजलं गेलं आणि त्याचे साडेतीनशे आम्ही भरले.

पहिला रिपोर्ट दिसायला देखणा होता, जाड कागद, गोल चकत्या. सगळ्यात मोठा तुकडा 'जास्त पगार', त्याच्याखाली 'वैयक्तिक / कौटुंबिक'. बाकी सगळं पातळ पातळ फाकांत. मालकांनी चष्मा वर केला, "बघा, पैशाचाच प्रश्न आहे. तो मी कुठून आणू?" आणि रिपोर्ट कपाटात गेला. मालक जे वर्षानुवर्षं फुकट बोलत होते तेच आता जीएसटीसकट विकत मिळालं.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. 'जास्त पगार' हे उत्तर कामगार देतो कारण त्याने कुणीच दुखावत नाही. पुढे मागे परत यावं लागलं तर दार उघडं राहतं, सुपरवायझरचं नाव येत नाही, ठेकेदार चिडत नाही. बावीस प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता की जास्त म्हणजे किती? मला इकडून तिकडून कळतंच. कुणी पाचशेने गेलं, कुणी हजाराने. काही तर कमी पगारावर गेले. पाचशे रुपयांसाठी माणूस जमलेली खुर्ची, ओळखीचं मशीन आणि डबा खायची जोडी सोडून जात नाही हो. आधी जायचं ठरतं, मग पाचशे जास्त देणारा शोधला जातो.

पगाराचा खरा घोळ पहिल्या स्लिपला होतो. ठेकेदार गेटवर पोराला "पंधरा हजार" सांगतो. पोरगा दहा तारखेला लागला, तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला आणि तोही मोडक्या महिन्याचा. तोवर उचल घेऊन खोलीभाडं भरायचं. पुढे महिना पूर्ण भरला की हातात काय येतं ते बघा. पंधरा हजारांवर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ११३. पुरुष असेल तर प्रोफेशनल टॅक्स २००. राहिले १२,८८७. त्यातून उचल वजा. ते १,८०० त्याच्याच नावावर जमा होतात, मालकही तेवढेच भरतो आणि मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनला जातो, हे त्याला कुणी बसवून सांगितलेलं नसतं. त्याला एवढंच दिसतं की पंधरा बोलले आणि बाराच दिले. त्याचा गाववाला साकीनाक्याला गाळ्यात बसतो, शनिवारी रोख मोजून घेतो. त्या गाळ्यात पीएफ नाही, दवाखान्याचं कार्ड नाही, माळ्यावर झोपायचं आणि माळ्याखाली शिवायचं. तरी पोरगा तिकडे जातो.

इथे एजन्सीला गुण द्यायला हवेत. त्यांनी एक तक्ता दिला होता, लागल्यापासून किती दिवसांनी माणूस गेला याचा. त्यात पहिल्या-दुसऱ्या पगारानंतरच्या आठवड्यात उंचच उंच खांब. नव्यांचा मोठा हिस्सा पहिल्या-दुसऱ्या पगारालाच जातो, हे मला अंदाजाने माहीत होतं, पण तो खांब मालकांना दाखवता आला हे फार बरं झालं. तेव्हापासून नवा माणूस लागला की त्याच दिवशी मी त्याच्यासमोर कच्ची स्लिप लिहिते. हे इतके आणि हे तितके कापले जाणार, हे तुझेच आहेत, हा तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, फोनमध्ये जपून ठेव. दहा मिनिटांचं काम आहे. ठेकेदाराला आवडत नाही.

जुन्या टेलरांची गोष्ट निराळी आणि ती रिपोर्टमध्ये औषधालाही नाही. सात-आठ वर्षं हात बसलेला माणूस राजीनामा घेऊन आला की मी आधी विचारते, "मास्टरजी, घर बाँध रहे हो या शादी है?" बहुतेक वेळा दोन्हींतलं एक असतं. गावच्या घराचा स्लॅब, नाहीतर मुलीचं लग्न. पीएफ हीच त्याची आयुष्यातली एकमेव जाड रक्कम. नोकरीत असताना त्यातला काही भाग काढता येतो, पण सगळा हवा तर नोकरी सोडावी लागते. मग तो सोडतो. पेन्शनला लागणारी दहा वर्षं पुन्हा शून्यापासून, ग्रॅच्युइटीची नवी पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मी कागदावर हिशोब मांडून दाखवते, तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि सही करतो. स्लॅब पावसाआधी पडायला हवा ना!

त्यातही आपल्या बायकांचे हाल बघवत नाहीत. चेकिंगमधल्या एकीचं पीएफ माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पासबुकवर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. दिराने सांगितलं म्हणून तिने आधी नोकरी सोडली आणि मग फॉर्म भरला. क्लेम रिजेक्ट. नोकरीही गेली आणि पैसाही अडकला. दुरुस्तीचा अर्ज पुन्हा आमच्याकडूनच जायचा होता, त्यामुळे नोकरी सोडलेली बाई माझ्या खिडकीवर नोकरीत असताना यायची त्यापेक्षा जास्त वेळा येऊन गेली.

२०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम काढला होता की मालकाच्या वाट्याचा पीएफ वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या गारमेंट कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. दोन दिवस शहर अडलं आणि सरकारला नियम मागे घ्यावा लागला. पीएफ आणि नोकरी सोडणं यांचं गारमेंटमध्ये इतकं घट्ट नातं आहे, हे अख्ख्या देशाने पाहिलं. आणि गारमेंटसाठी म्हणून खास बनवलेल्या बावीस प्रश्नांत पीएफचा साधा उल्लेख नाही. 'कॅफेटेरियाची गुणवत्ता' मात्र आहे. आमच्याकडे जिन्याखाली चार बाकडी आहेत, त्यांना कॅफेटेरिया म्हणायचं असेल तर गुणवत्ता बेताची.

आता 'वरिष्ठांशी संबंध' या प्रश्नाकडे या. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. जवळजवळ सगळ्यांनी चौथा चेहरा सांगितला. एजन्सीचा निष्कर्ष: सुपरवायझरबाबत समाधान. मी हसावं की रडावं?

आमच्या वरच्या मजल्यावर लाइनच्या टोकाला एक पांढरा बोर्ड आहे, तासातासाचा आकडा लिहायला. आयईवाला, म्हणजे प्रत्येक कामाचा वेळ ठरवणारा इंजिनिअर, स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि कॉलर लावायला समजा पाऊण मिनिट ठरवतो. म्हणजे तासाला ८०. सत्तर टक्के एफिशियन्सी धरली तर ५६. कागदावर काहीच वावगं नाही. आता सव्वाअकराला सुई तुटली. एक्स्पोर्टच्या मालात सुईचा तुकडा राहिला आणि कुणा लहान मुलाला टोचला तर अख्खी ऑर्डर गेली, म्हणून नियम कडक आहे. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडले पाहिजेत, ते रजिस्टरमध्ये चिकटपट्टीने लावायचे, तेव्हाच नवी सुई. मागचा तुकडा मशीनमध्येच असतो, मधला सापडतो, टोक सापडत नाही. टेलर खाली वाकून लोहचुंबक फिरवतोय, हेल्पर बंडल एकेक करून झटकतेय, शेजारचा पाय वर घेऊन बसलाय. शेवटी टोक पेडलच्या फटीत निघालं. पंधरा मिनिटं गेली. त्या तासाला बोर्डवर ४१ लागले.

फ्लोअर इनचार्ज आला. त्याने रजिस्टर बघितलं नाही, बोर्ड बघितला. आणि त्या माणसाला, जो त्याच्यापेक्षा वयाने मोठा आहे, सगळ्या लाइनसमोर त्याच्या आईवरून बोलला. मागोमाग घाईत तिरक्या गेलेल्या कॉलरचे पीस ऑल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत आले. लंच संपल्यावर टेलर माझ्या खिडकीवर उभा. "मैडम, हिसाब कर दो." मी विचारलं, "क्या हुआ?" तर म्हणाला, "कुछ नहीं, दूसरी जगह ज्यादा मिल रहा है." एजन्सीलाही त्याने हेच सांगितलं, ते रिपोर्टच्या मोठ्या तुकड्यात जमा झालं. दुसऱ्या जागी खरंच थोडे जास्त मिळतात, त्यामुळे खोटं बोलला असंही नाही.

त्या इनचार्जच्या लाइनमधून किती गेले आणि शेजारच्या लाइनमधून किती, एवढा एक तक्ता केला असता तरी पुरलं असतं. मी यादीत लाइन नंबर दिला होता. त्यांनी तो रकाना वापरलाच नाही, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिपार्टमेंट' आहे, लाइन नाही.

बायकांच्या 'घरच्या कारणां'त घर किती असतं? शिपमेंटच्या आठवड्यात ओव्हरटाइम साडेआठपर्यंत ताणतो. मरोळ नाक्यावरून मेट्रोने घाटकोपर, तिथून गर्दीत दिवा स्टेशनची लोकल, उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग. घरी पोचायला साडेदहा, आणि सकाळी नळाला पाणी पाचला. ओव्हरटाइमचे दुप्पट मिळतात, ते सगळ्यांना हवेत. कारीगर पुरुष तर त्याच्यावरच गावाला पैसे पाठवतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, ऑर्डरी थांबल्या, ओव्हरटाइम बंद झाला, आणि किती तरी कारीगर छठला म्हणून गेले ते आलेच नाहीत. म्हणजे ओव्हरटाइम नसला की पुरुष जातात आणि फार झाला की बायका जातात. एजन्सीने दोन्ही एकाच आकड्यात घालून ओव्हरटाइमबद्दल 'संमिश्र मत' लिहिलं.

बसभाड्याचंही तसंच. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. असल्फ्याहून येणाऱ्या बाईचे जाऊन-येऊन दहाचे वीस झाले, महिन्याला अडीचशेच्या वर जास्तीचे गेले. वर्षाला दोनदा सरकार किमान वेतनातला विशेष भत्ता सुधारतं, त्यातली वाढ तिकिटातच संपली. त्या बायका मग चालत जाता येईल अशा युनिटात गेल्या, पगार कमी असूनही. चकतीत त्यांचा तुकडा 'इतर'.

पाळणाघराबद्दल एक प्रश्न होता, आणि तो चांगला होता. जुन्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त बायका असल्या की पाळणाघर लागायचं. २०१७ ला मातृत्व रजा २६ आठवडे झाली तेव्हा पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांनाही ते बंधनकारक झालं. खोली बहुतेक ठिकाणी असते, ऑडिटच्या दिवशी तिथे खेळणीही येतात. पण दिव्याहून, नालासोपाऱ्याहून लोकलच्या गर्दीत तान्हं पोर घेऊन कोण येणार? पाळणाघर हवंय ते घराजवळ. २६ आठवडे संपले की सासूने "मी बघते" म्हटलं तरच बाई परत येते. हे एका बाईने एजन्सीच्या मुलीला फोनवर सांगितलं आणि त्या मुलीने ते शब्दशः लिहून ठेवलं, म्हणून मला वाचायला मिळालं.

त्या मुलीबद्दल लिहायलाच हवं, कारण सेवेत जो काही जीव होता तो तिच्यामुळे. दुसऱ्या तिमाहीत ती आमच्या यादीवर होती. साताऱ्याकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. बावीस प्रश्न उरकले की ती फॉर्मबाहेरचा एक प्रश्न विचारायची: "ताई, उद्या परत बोलावलं तर याल का? आणि काय बदललं तर याल?" आणि तिथे माणसं बोलायला लागली. एक म्हणाली, संडासला जायला टोकन घ्यावं लागतं, ते बंद करा, येते. दुसरी म्हणाली, मी येईन पण त्या लाइनला नाही. एक टेलर म्हणाला, होळीला गेलो तेव्हा माझं मशीन दुसऱ्याला दिलं, ते मशीन परत द्या. जुन्या टेलराला स्वतःचं मशीन म्हणजे काय असतं, ते टाय लावणाऱ्याला कळणार नाही. ताण, पेडल, गुडघ्याची उंची, सगळं त्याच्या अंगाला बसलेलं असतं. यातली तीन-चार माणसं आम्ही खरंच परत आणली. नुसते फोन करून, पगार न वाढवता.

पुढच्या तिमाहीला ती मुलगी नव्हती, नोकरी सोडून गेली म्हणे. का गेली, विचारलं तर एजन्सीचा माणूस म्हणाला, "बेटर अपॉर्च्युनिटी."

रिपोर्टच्या शेवटी शिफारसी असतात, त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका. महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी, वाढदिवसाचा केक, जिन्याजवळ सेल्फी पॉइंट. केक एकदा आणला होता. शिलाईच्या मजल्यावर खाद्यपदार्थ नेता येत नाही, पांढऱ्या पॉपलिनवर क्रीमचा डाग पडला की पीस गेला. म्हणून ज्यांचे वाढदिवस होते त्यांना खाली बोलावलं, तेवढा वेळ लाइन थांबली आणि बोर्डवर आकडा पडला. पुढचं सांगायला नको.

मग घ्यावी का? पाचशे-हजार माणसांची, तीन-चार ठिकाणी पसरलेली कंपनी असेल, मालकाला मजल्यावर जाणं जमत नसेल, तर घ्या. निदान तो दिवसांचा तक्ता तरी मिळेल. आमच्यासारख्या दीडशे मशीनच्या युनिटाला ही सेवा महाग पडते आणि उशिरा पडते. माणूस गेल्यावर दोन महिन्यांनी विचारून काय उपयोग? जाणारा आधी दिसतो. स्वतःची बॉबिन केस, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची डबी, वापरणारे जुने टेलर असतात. शनिवारी संध्याकाळी त्यातला एखादा ती मशीनमधून काढून रुमालात बांधू लागला, की सोमवारी तो येणार नाही हे शेजारची हेल्परसुद्धा सांगेल. त्या शनिवारी दोन मिनिटं त्याच्यापाशी उभं राहणारा कुणीतरी हवा, आणि तो कुणीतरी फ्लोअर इनचार्ज नको. नाहीच जमलं तर शेवटच्या हिशोबाला कातर, ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली परत करायला माणूस येतो, तेव्हा त्याला खुर्ची द्या. पैसे हातात पडल्यावर तो बरंच खरं बोलतो. पैसे पडायच्या आधी विचाराल तर "ज्यादा पगार".

तरी घेणारच असाल तर करारात काही गोष्टी लिहून घ्या. फोन संध्याकाळी आठनंतर किंवा रविवारी. ठेकेदाराच्या किंवा नातेवाइकाच्या नंबरवर झालेल्या बोलण्याचे पैसे नाहीत. लाइननिहाय तक्ता हवाच, त्यासाठी त्यांना सॉफ्टवेअर बदलावं लागलं तरी. माणसांचे शब्द जसेच्या तसे मिळावेत, नाव काढून. नाव काढायचं विसरू नका, नाहीतर कोण काय बोललं ते संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर पोचतं. आणि परत याल का, हा प्रश्न पहिला, बाकीचे बावीस नाही विचारले तरी चालतील.

पाचपैकी अडीच तारे. दोन त्या मुलीचे, अर्धा बंगाली बोलणाऱ्याचा.

करार संपत आलाय. नूतनीकरणाची फाइल मालकांनी माझ्याकडे शेऱ्यासाठी पाठवली, मी वरच्या सगळ्या अटी पेनाने लिहून एजन्सीला पाठवल्या. उत्तर लगेच आलं. बाकी सगळं मान्य, फक्त आठनंतरचे आणि रविवारचे फोन माणशी सातशे रुपये, कारण त्यांच्या माणसांना त्या वेळेचे दुप्पट द्यावे लागतात.